तिरंगा: अचूक रेखाटन, शिवण, फडकवणे आणि घडी

राष्ट्रध्वज काढताना सर्वाधिक चुका चक्रात होतात आणि फडकवताना गाठीत. दोन्ही चुका टाळता येतात, पण त्यासाठी ध्वजाचा प्रत्येक भाग तसाच का आहे हे आधी समजून घ्यायला हवे. कारण कळले की मापे पाठ करावी लागत नाहीत. शाळेचा तक्ता, सोसायटीतले ध्वजारोहण, ग्रामपंचायतीचा कार्यक्रम किंवा घरावरचा ध्वज, यांपैकी काहीही अंगावर घेतले असेल तर पुढची माहिती उपयोगी पडेल.

ठरावात काय आहे

२२ जुलै १९४७ रोजी जवाहरलाल नेहरूंनी संविधान सभेत ध्वजाचा ठराव मांडला आणि सभेने तो स्वीकारला. ठराव अगदी थोडक्यात आहे. गडद केशरी, पांढरा आणि गडद हिरवा असे समान रुंदीचे तीन आडवे पट्टे. पांढऱ्या पट्ट्याच्या मध्यभागी चरख्याचे प्रतीक म्हणून गडद निळे चक्र. या चक्राची घडण सारनाथच्या अशोकस्तंभाच्या सिंहशीर्षाखालील बैठकीवर कोरलेल्या चक्रासारखी. चक्राचा व्यास साधारण पांढऱ्या पट्ट्याच्या रुंदीएवढा, आणि ध्वजाच्या रुंदीचे लांबीशी प्रमाण सामान्यतः २:३.

ठरावात काय नाही तेही पाहा. त्यात रंगांचे अर्थ दिलेले नाहीत आणि आऱ्यांची संख्याही नाही. चोवीस आरे आले ते सारनाथच्या चक्रातून, आणि आजच्या ध्वजसंहितेत 'समान अंतरावरचे २४ आरे' असे स्पष्ट लिहिले आहे. चोवीस आऱ्यांचे चोवीस गुण सांगणाऱ्या याद्या सगळीकडे फिरतात. त्यांना ठरावाचा किंवा ध्वजसंहितेचा आधार नाही, म्हणून तक्त्यावर त्या अधिकृत अर्थ म्हणून लिहू नका. रंगांचा अर्थ लिहायचा असेल तर त्याच चर्चेत डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांनी केलेले विवेचन घ्या: केशरी म्हणजे त्याग आणि निरासक्ती, पांढरा म्हणजे प्रकाश आणि सत्याचा मार्ग, हिरवा म्हणजे मातीशी आणि वनस्पतीसृष्टीशी असलेले आपले नाते, चक्र म्हणजे धर्मचक्र आणि गती. ध्वजाकडे कोणत्याही एका समाजाच्या नजरेने पाहू नये, असे नेहरूंनी त्या वेळी आवर्जून सांगितले होते. म्हणून 'हा रंग अमक्या धर्माचा' हे वाक्य आजच्या ध्वजाखाली येता कामा नये.

चरख्याच्या जागी चक्र येण्यामागे आराखड्याचे एक साधे कारण होते. चरखा म्हणजे एका बाजूला चाक आणि दुसऱ्या बाजूला चाती. कापडाच्या उलट्या बाजूने पाहिले की चाक आणि चातीची जागा बदलते. ध्वजावरचे चिन्ह दोन्ही बाजूंनी अगदी सारखे दिसले पाहिजे, ही अडचण नेहरूंनी सभेपुढे मांडली. चरख्यातले चाक तेवढे ठेवले की ती सुटते आणि चरख्याचा विचारही कायम राहतो. ध्वज शिवताना आणि छापताना या निर्णयाचा मान राखायचा असतो: चक्र दोन्ही बाजूंना पूर्ण आणि एकाच जागी दिसले पाहिजे.

कागदावर काढताना: ३६ × २४ सेंमी

भारतीय मानक ब्युरोच्या मानकात, म्हणजे आयएस १ मध्ये, ध्वजाचे नऊ आकार दिले आहेत. प्रत्येक आकारासाठी चक्राचा व्यासही ठरलेला आहे. सगळी मापे मिलिमीटरमध्ये:

६३०० × ४२०० – चक्र १२९५
३६०० × २४०० – चक्र ७४०
२७०० × १८०० – चक्र ५५५
१८०० × १२०० – चक्र ३७०
१३५० × ९०० – चक्र २८०
९०० × ६०० – चक्र १८५
४५० × ३०० – चक्र ९०
२२५ × १५० – चक्र ४०
१५० × १०० – चक्र २५

मोठ्या आकारांत चक्राचा व्यास पट्ट्याच्या रुंदीच्या सुमारे साडेब्याण्णव टक्के येतो. म्हणजे चक्र पट्ट्यात जवळजवळ मावते, पण केशरी-हिरव्याला टेकत नाही. आकार लहान होतो तसे हे प्रमाणही उतरते. टेबलावरच्या १५० × १०० च्या ध्वजात पट्टा ३३ मिलिमीटरचा आणि चक्र फक्त २५ चे असते. त्यामुळे टेबलावरचा ध्वज पाहून मोठा ध्वज काढला तर चक्र लहान पडते. भिंतीवर रंगवलेल्या ध्वजांत ही चूक फार दिसते.

ए-३ कागदावर ३६ × २४ सेंमीचा ध्वज छान बसतो. हा ३६०० × २४०० चा बरोबर दहावा हिस्सा आहे, त्यामुळे मापे सरळ निघतात: प्रत्येक पट्टा ८ सेंमी, चक्राचा व्यास ७.४ सेंमी, त्रिज्या ३.७ सेंमी.

कडक टोकाच्या पेन्सिलने आयत आखा आणि दोन्ही कर्ण मोजून पाहा. ते सारखे भरले नाहीत तर कोपरे काटकोनात नाहीत. पुढे जाण्याआधी इथेच दुरुस्त करा, नाहीतर पट्टे तिरके जातील. वरून ८ आणि १६ सेंमीवर दोन आडव्या रेषा मारा. कर्ण जिथे छेदतात तो ध्वजाचा मध्य, आणि तोच चक्राचा मध्य. डोळ्याच्या अंदाजाने मध्य धरू नका. दोन मिलिमीटरचा फरकही दूरवरून कळतो, कारण वर आणि खाली राहिलेली पांढरी फट असमान दिसते. या मापात ती फट दोन्हीकडे ३-३ मिलिमीटरच असते.

आता आरे. चोवीस आरे म्हणजे दर १५ अंशांवर एक. कंपासपेटीतला कोनमापक लहान वर्तुळावर ठेवून खुणा केल्या तर प्रत्येक खुणेत थोडी थोडी चूक होते आणि शेवटचे दोन आरे एकमेकांना चिकटतात किंवा त्यांच्यात मोठी फट पडते. म्हणून खुणा लहान वर्तुळावर करूच नका. त्याच मध्यातून १० सेंमी त्रिज्येचे मोठे वर्तुळ फिकट आखा. कंपासचे माप न बदलता त्याच्या परिघावर सहा खुणा करा. परिघावर त्रिज्या बरोबर सहा वेळा बसते. शेजारच्या खुणांमधला भाग दुभागला की बारा होतात, पुन्हा दुभागला की चोवीस. लगतच्या दोन खुणांमधले सरळ अंतर २.६ सेंमी आले पाहिजे, प्रत्येक जोडी तपासून घ्या. मग समोरासमोरच्या खुणा पट्टीने जोडा, म्हणजे बारा रेषांत चोवीस आरे होतात. बाहेरच्या वर्तुळावर अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली तरी आतल्या चक्रावर ती तिसऱ्या हिश्श्याएवढीच उरते. मोठे वर्तुळ घेण्याचा फायदा हाच.

पहिली खूण बरोबर मध्याच्या वर असली पाहिजे. चोवीसला चाराने भाग जातो, म्हणून एक आरा सरळ वर, एक सरळ खाली, एक डावीकडे आणि एक उजवीकडे येतो. काम झाल्यावर आरे मोजत बसण्यापेक्षा एका पाव भागात पाहा: उभा आणि आडवा आरा सोडून मध्ये पाच आरे असायला हवेत.

आरे म्हणजे नुसत्या रेषा नव्हेत. सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या आराखड्यात आरा दोन्ही टोकांना निमुळता असतो आणि मध्याजवळच्या बाजूला किंचित फुगीर. ३.७ सेंमी त्रिज्येच्या चक्रात मापे साधारण अशी येतात: बाहेरच्या कड्याची जाडी साडेचार मिमी, मधल्या तुंब्याची त्रिज्या साडेसहा मिमी, आऱ्याची सर्वाधिक रुंदी सुमारे २ मिमी आणि ती मध्यापासून १३ मिमीवर. दोन आऱ्यांच्या मध्ये कड्याच्या आतल्या काठाला लागून एकेक छोटा अर्धगोल असतो. तेही चोवीसच. बहुतेक जण हे अर्धगोल विसरतात. ते घातले की चक्र लगेच सारनाथच्या घडणीच्या जवळ जाते.

रंग

पोस्टर कलरच्या बाटलीतला नारंगी थेट लावला तर रंग तांबूस दिसतो. त्यात थोडा गडद पिवळा मिसळा. हिरवा झाडाच्या कोवळ्या पानासारखा नको. गडद हिरवा घ्या आणि त्यात पांढरा मुळीच घालू नका. चक्रासाठी प्रशियन ब्लू वापरला की वाळल्यावर हिरवट झाक येते. त्यापेक्षा अल्ट्रामरीनमध्ये काळ्याचा एखादा थेंब घातला की नौदलाच्या निळ्याजवळचा रंग मिळतो. चक्र काळे किंवा आकाशी काढणे चूकच. पांढऱ्या पट्ट्यासाठी कागदच कोरा सोडा.

आधी केशरी, मग हिरवा आणि दोन्ही पूर्ण वाळल्यावर चक्र, हा क्रम पाळा. उलट केले तर हात फिरून चक्र पुसट होते. पट्ट्यांच्या सीमेवर काळी रेघ मारू नका, ध्वजाभोवती चौकटही नको. संगणकावर काम करत असाल तर लाल-हिरवा-निळा या क्रमाने केशरीसाठी २५५, १५३, ५१, हिरव्यासाठी १९, १३६, ८ आणि चक्रासाठी ०, ०, १२८ ही मूल्ये खूप वापरली जातात. पडद्यावरचा केशरी छपाईत मंदावतो, म्हणून मोठी छपाई देण्याआधी एक नमुना काढून बघा.

ध्वजाच्या वाटचालीचा तक्ता करायचा असेल तर

शाळांमध्ये हा तक्ता दरवर्षी लागतो आणि त्यात दोन-तीन चुका ठरलेल्या असतात. पहिली म्हणजे १९०६ आणि १९०७ च्या ध्वजांची अदलाबदल. ७ ऑगस्ट १९०६ चा ध्वज कलकत्त्यातील पारसी बागान चौकातला. २२ ऑगस्ट १९०७ चा मादाम भिकाजी कामा यांनी जर्मनीतील स्टुटगार्टच्या आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषदेत फडकवलेला. दोन्हींवर 'वंदे मातरम्' आहे, म्हणून गोंधळ होतो. कामांचा मूळ ध्वज पुण्यात केसरी-मराठा संस्थेत जतन केलेला आहे. शक्य असेल तर विद्यार्थ्यांना तो दाखवून त्यावरूनच चित्र काढून घ्यावे. छापील तक्त्यांवरून तक्ते काढत गेल्यानेच चुका पिढ्यान्‌पिढ्या टिकतात.

१९१७ चा होमरूल चळवळीचा ध्वज, ॲनी बेझंट आणि लोकमान्य टिळक यांच्या चळवळीतला, काढायला सर्वांत अवघड. पाच लाल आणि चार हिरवे असे नऊ आडवे पट्टे, त्यावर सप्तर्षींच्या मांडणीत सात तारे, एका कोपऱ्यात युनियन जॅक आणि दुसऱ्या वरच्या कोपऱ्यात चंद्रकोर व तारा. लाल पट्टे पाच म्हटल्यावर पहिला आणि शेवटचा पट्टा लालच येणार, एवढे ध्यानात ठेवले तरी क्रम चुकत नाही.

१९२१ मध्ये बेजवाड्याला, म्हणजे आजच्या विजयवाड्याला, पिंगली वेंकय्या यांनी गांधीजींना लाल-हिरव्या ध्वजाचा आराखडा दाखवला. गांधीजींच्या सूचनेवरून त्यात पांढरा पट्टा आणि चरखा आला. या ध्वजात पांढरा सर्वांत वर, मध्ये हिरवा, खाली लाल असा क्रम होता. आजच्या क्रमाची सवय असल्याने तो हमखास उलटा काढला जातो. याच झेंड्यासाठी १९२३ मध्ये नागपूरला झेंडा सत्याग्रह झाला. जमनालाल बजाज त्यात पुढे होते आणि पुढे वल्लभभाई पटेलांनी सूत्रे घेतली. १९३१ मध्ये काँग्रेसने केशरी, पांढरा, हिरवा आणि मध्ये चरखा असा ध्वज स्वीकारला आणि रंगांचा धर्मांशी जोडलेला अर्थ सोडून दिला. धैर्य-त्याग, सत्य-शांती, श्रद्धा-शौर्य असे गुण त्या वेळी सांगितले गेले. तक्त्यात रंगांचे अर्थ लिहिताना १९२१, १९३१ आणि १९४७ यांची सरमिसळ करू नका. तिन्ही वेळचा विचार वेगळा होता आणि तो बदल हाच या तक्त्यातला खरा धडा आहे.

वेंकय्यांना 'आजच्या ध्वजाचे रचनाकार' म्हटले जाते. नेमके लिहायचे तर १९२१ चा मूळ आराखडा त्यांचा, आणि आजचे रूप १९४७ मध्ये राजेंद्रप्रसादांच्या अध्यक्षतेखालील समितीने सुचवून संविधान सभेने ठरवलेले.

कापडाचा ध्वज शिवताना

३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीनंतर सूत, लोकर, रेशीम, खादी यांच्या जोडीला पॉलिएस्टरही चालते, आणि हातमागाबरोबर यंत्रावर तयार झालेला ध्वजही. तरी खादीच्या ध्वजाचा मान निराळा. हुबळीजवळच्या बेंगेरीतील कर्नाटक खादी ग्रामोद्योग संयुक्त संघ आणि आपल्याकडे नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती ही त्याची जुनी केंद्रे. कार्यक्रमासाठी तिथला तयार ध्वज घेणे केव्हाही चांगले. स्वतः शिवायचा असेल तर सगळे गणित कापण्यात आहे.

९०० × ६०० मिमीचा ध्वज घेऊ. शिवून झाल्यावर प्रत्येक पट्टा बरोबर २०० मिमी दिसला पाहिजे. दोन पट्टे जोडायला प्रत्येकाचे १२ मिमी, आणि बाहेरची कड दोनदा दुमडायला २० मिमी धरा. पांढऱ्याला दोन्हीकडे जोड असल्याने तो २२४ मिमी रुंद कापायचा. केशरी आणि हिरव्याला एका बाजूला जोड आणि दुसरीकडे दुमड, म्हणून ते २३२ मिमी. तिन्ही पट्टे सारखेच २२४ चे कापले तर केशरी-हिरवे १९२ वर येतात, पांढरा २०० राहतो आणि ध्वजाची रुंदी ५८४ भरते. पट्टे 'समान' कापल्यामुळेच ते असमान होतात. लांबी ९३२ घ्या: उडत्या टोकाची दुमड २० आणि काठीकडच्या पट्टीचा जोड १२.

सुती कापड कापण्याआधी पाण्यातून काढून वाळवा. ते आटते, आणि तिन्ही रंग वेगवेगळ्या तागांतले असतील तर वेगवेगळे आटते. असा ध्वज पहिल्याच पावसात सुरकुततो. त्याच वेळी ओल्या केशरी आणि हिरव्या तुकड्यावर पांढरी चिंधी दाबून पाहा. रंग लागला तर ते कापड बाजूला ठेवा. दोरा ज्या त्या रंगाचा वापरा.

चक्र जोडण्याआधी पांढऱ्या पट्ट्यावरच छापून घ्या, भरतकाम असेल तर तेही तेव्हाच. छपाई असेल तर दोन्ही बाजूंनी, आणि मागच्या छापासाठी मध्य जुळवायला चार बाजूंच्या आऱ्यांच्या रेषेत टाचण्या आरपार टोचा. उन्हाकडे धरले की दोन चक्रे एकावर एक बसली का ते कळते. जरा सरकले असेल तर आरे दुप्पट दिसतात.

काठीकडे जाड पांढऱ्या कापडाची दुहेरी पट्टी लावून तिच्यातून दोरी ओवा. दोरीच्या वरच्या टोकाला फास किंवा लाकडी टॉगल, खालचे टोक मोकळे लांब. वरच्या टोकाला केशरी दोऱ्याचे चार टाके घालून ठेवा. घडी केलेला ध्वज हातात आला की वर कोणती बाजू हे त्या टाक्यांवरून कळते.

दोरी, कप्पी आणि सुरगाठ

१५ ऑगस्टला लाल किल्ल्यावर ध्वज खालून वर चढवला जातो. २६ जानेवारीला कर्तव्यपथावर तो आधीच वर बांधलेला असतो आणि दोरी ओढून उलगडला जातो. गावोगावी दोन्ही दिवशी बहुधा दुसरीच पद्धत वापरतात, आणि अडचणी येतात त्या तिच्यातच.

आदल्या दिवशी कप्पी फिरते का पाहा, गंज असेल तर तेल द्या. दोरी सुती किंवा वेणीची घ्या. गुळगुळीत नायलॉनची दोरी बारीक असेल तर कप्पीच्या चाकातून उतरून कडेला अडकते. दोरी खांबाच्या उंचीच्या दुपटीहून दोन मीटर जास्त हवी. ९०० मिमी ध्वजाला तीन ते चार मीटरचा खांब शोभतो.

बांधण्यासाठी ध्वज आडवा पसरा आणि लांबीत दोनदा दुमडून अरुंद करा. उडत्या टोकाकडून काठीकडे चुण्या घालत आणा. गुंडाळी करू नका, गुंडाळी हवेत उलगडत नाही. पाकळ्या ठेवायच्या असतील तर मूठभर, कोरड्या, शेवटच्या दोन चुण्यांत. ध्वजसंहिता याला परवानगी देते. ओल्या झेंडूचे डाग पांढऱ्या पट्ट्यावरून जात नाहीत, आणि पाकळ्या जास्त झाल्या की त्यांच्या वजनाने गाठ आवळते.

आता ध्वजाच्या खालच्या टोकाची दोरी या जुडीभोवती दोनदा फिरवा. तिसऱ्या फेऱ्यात दोरीचे टोक आत न घालता तिचा दुहेरी फास करून वेढ्याखाली सरकवा. ही सुरगाठ. फासाचा मोकळा पदर खाली ओढायच्या दोरीकडे आला पाहिजे. तो पदर ओढला की फास निसटतो आणि वेढे आपोआप सुटतात. टोकच आत गेले तर ती निरगाठ होते. मग पाहुणे जितके जोरात ओढतील तितकी ती घट्ट बसते. फास बोटभरच बाहेर ठेवा. लांब ठेवला तर वर चढवतानाच कप्पीजवळ अडकून सुटतो.

गाठ आधी जमिनीवर सोडून पाहा, मग खांबावर. सकाळी दव पडून दोरी ओली झाली तर सुती दोरी फुगते आणि गाठ आवळते. म्हणून कार्यक्रमाच्या अर्धा तास आधी पुन्हा बांधा, रात्रभर बांधून ठेवू नका. ध्वजाचे वरचे टोक कप्पीपासून दोन बोटे खाली थांबले पाहिजे. पार टेकले तर ते चाकात ओढले जाते आणि खाली उतरवताना फाटते. जी दोरी ओढायची तिला खाली छोटी रंगीत चिंधी बांधा आणि पाहुण्यांना आधीच दाखवा. दुसरी दोरी एका माणसाच्या हातात ताणून राहू द्या.

गाठ सुटलीच नाही तर हिसके देऊ नका. ध्वज सावकाश खाली घ्या, गाठ हाताने सोडा आणि उलगडलेला ध्वज सरळ वर चढवा. यात ध्वजाचा कोणताही अवमान नाही. केशरी खाली गेलेला दिसला तरी हेच करा आणि तो सरळ करूनच राष्ट्रगीत सुरू करा.

ध्वज चढवताना झपाट्याने, उतरवताना सावकाश. ध्वज अर्ध्यावर ठेवायचा आदेश असेल तर आधी तो पूर्ण वर न्यायचा आणि मग अर्ध्यावर आणायचा. उतरवण्याआधीही पुन्हा एकदा वर न्यायचा.

जागा आणि मर्यादा

भारतीय ध्वजसंहिता २६ जानेवारी २००२ पासून लागू आहे. घरावर ध्वज लावण्याचा नागरिकांचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २३ जानेवारी २००४ च्या नवीन जिंदल खटल्यातील निकालात मान्य केला. जुलै २०२२ च्या दुरुस्तीपासून उघड्यावर किंवा नागरिकाच्या घरावर लावलेला ध्वज रात्रंदिवस ठेवता येतो.

भिंतीवर उभा लावायचा असेल तर केशरी पट्टा पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला यावा. आडवा ध्वज समोर धरून घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेने पाव फेरा वळवा, बरोबर तसाच येतो. मंचावर काठीचा ध्वज वक्त्याच्या उजवीकडे. इतर देशांच्या ध्वजांसोबत रांगेत असेल तर समोरून पाहताना तिरंगा सर्वांत डावीकडे.

एका काठीवर दुसरा ध्वज चालत नाही, मग तो मंडळाचा असो की क्रीडासंघाचा. ध्वजस्तंभाच्या टोकावर फुले, हार किंवा बोधचिन्ह लावणेही संहितेला मान्य नाही. अनेक ठिकाणी प्रेमापोटी स्तंभावरच हार चढवतात. त्याऐवजी खाली रांगोळी काढा. ध्वजावर काहीही लिहू नये, त्याने व्यासपीठ किंवा टेबल झाकू नये, पुतळ्याच्या अनावरणाला तो आच्छादन म्हणून वापरू नये, गाडीच्या टपावर किंवा बॉनेटवर पसरू नये. कमरेखालच्या पोशाखात, उशीवर, रुमालावर तो नको. १९७१ च्या राष्ट्रीय प्रतिष्ठा अवमान प्रतिबंध कायद्यात अवमानासाठी तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही आहेत.

घडी, धुणे आणि निरोप

ध्वज आडवा धरा. केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याच्या खाली दुमडा. मग पांढरा पट्टा दोन्ही टोकांकडून असा आत घ्या की वर फक्त अशोकचक्र आणि केशरी-हिरव्याचा थोडा भाग दिसेल. ही घडी तळहातांवर किंवा दोन्ही हातांवर धरून न्यायची, काखेत नाही. दोघांनी मिळून केली तर ध्वज जमिनीला टेकत नाही.

ओला ध्वज घडी करून ठेवू नका, हिरव्याचा डाग पांढऱ्यावर उतरतो. धुताना एकटाच, गार पाण्यात, आणि वाळवताना सावलीत.

वाऱ्याने आधी उडते टोक झिजते. ते कापून पुन्हा दुमडावेसे वाटते, पण ९०० चे ८५० झाले की २:३ चे प्रमाण मोडते आणि चक्र मध्यावरून सरकल्यासारखे दिसते. टाका उसवला असेल तर शिवा, कापड विरले असेल तर तो ध्वज लावणे थांबवा. फाटलेला किंवा मळलेला ध्वज लावायचा नाही, असे संहिताच सांगते. असा ध्वज संपूर्ण, तुकडे न करता, खासगीत आणि शक्यतो अग्नीला अर्पण करून नष्ट करायचा असतो. पॉलिएस्टरचा असेल तर उघड्या जागी, कारण तो वितळतो आणि धूर करतो.

कागदी ध्वजांनाही हाच नियम आहे. कार्यक्रम संपल्यावर दोन स्वयंसेवक पिशवी घेऊन दाराशी उभे करा आणि मुलांकडून ध्वज परत घ्या. मैदानावर पडलेले त्याच दिवशी गोळा करा. चांगले असतील ते पुढच्या वर्षासाठी ठेवा, चुरगळलेले एकत्र करून आडोशाला सन्मानाने नष्ट करा.